सर फ्रेडरिक हॉपकिन्स : पेशींच्या प्राणवायूचा हिशेब मांडणारा संशोधक

जीवनसत्त्वांच्या शोधाचा इतिहास सांगताना सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांचे नाव हमखास घेतले जाते. १९२९ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्यासाठी मिळाले आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांनी त्यांची ओळख तेवढ्यापुरतीच मर्यादित करून टाकली. मात्र यकृतावर शस्त्रक्रिया करणारा किंवा यकृताचे प्रत्यारोपण करणारा शल्यविशारद ज्या प्रश्नाशी आज झुंजतो, त्याच्या मुळाशी गेले की हॉपकिन्स यांचे निराळेच कर्तृत्व समोर येते. यकृताचा रक्तप्रवाह काही काळ थांबवून पुन्हा सुरू केला, की त्या यकृताला इजा होते. ही इजा घडवण्यात ज्याचा हात असल्याचा संशय पुढे घेतला गेला ते विकर, म्हणजेच एन्झाइम, आणि ही इजा रोखू पाहणारे यकृतातील प्रमुख संरक्षक द्रव्य, या दोहोंवरचे पायाभूत काम एकाच प्रयोगशाळेतून अवघ्या एका वर्षाच्या अंतराने बाहेर पडले. ती प्रयोगशाळा केंब्रिजमधील हॉपकिन्स यांची होती.

रखडलेले शिक्षण

२० जून १८६१ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ईस्टबोर्न येथे हॉपकिन्स यांचा जन्म झाला. वडील त्यांच्या तान्हेपणीच वारले. एकाकी बालपणात आईने हाती दिलेला सूक्ष्मदर्शक हाच त्यांचा सवंगडी ठरला. शाळेत मात्र त्यांचे मन रमले नाही. लंडनमधील नामांकित शाळेतून ते आठवडेच्या आठवडे गैरहजर राहू लागले आणि अखेर शाळा सुटली. सतराव्या वर्षी घरच्यांनी त्यांना विमा कंपनीच्या कचेरीत कारकुनीला बसवले. ती नोकरी काही महिनेच टिकली. त्याच सुमारास, १८७८ साली, शत्रूवर दाहक वाफ सोडणाऱ्या एका भुंगेऱ्याविषयीचे त्यांचे टिपण कीटकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आले. प्राण्याच्या शरीरात नेमके कोणते रसायन घडते, हे कुतूहल इथेच जागे झाले आणि ते अखेरपर्यंत सुटले नाही.

पुढची दहा वर्षे उमेदवारीची गेली. एका रसायन विश्लेषकाकडे त्यांनी तीन वर्षे काम केले, मिळेल तेथे अभ्यासक्रम पूर्ण केले आणि नंतर गाइज रुग्णालयात सर थॉमस स्टीव्हन्सन यांचे सहायक म्हणून ते रुजू झाले. स्टीव्हन्सन हे ब्रिटिश गृहखात्याचे विषतज्ज्ञ. विषप्रयोगाच्या गाजलेल्या खटल्यांमध्ये मृतांच्या अवयवांतून विषाचा अंश शोधून काढण्याचे काम तेथे चाले. अत्यल्प प्रमाणातील द्रव्य गुंतागुंतीच्या मिश्रणातून हुडकण्याचे जे कसब हॉपकिन्स यांनी पुढे दाखवले, त्याची तालीम याच कोंदट प्रयोगशाळेत झाली असे मानायला हरकत नाही. वैद्यकीय शिक्षणाला त्यांनी सुरुवात केली ती वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. ते डॉक्टर झाले तेव्हा १८९४ साल उजाडले होते आणि त्यांनी तिशी केव्हाच ओलांडली होती. त्यांच्या वयाच्या इतर संशोधकांची नावे तोवर विद्वत्परिषदांत गाजू लागली होती.

१८९८ साली दोन घटना घडल्या. जेसी अॅन स्टीव्हन्स यांच्याशी हॉपकिन्स यांचा विवाह झाला आणि शरीरक्रियाशास्त्राचे ज्येष्ठ प्राध्यापक सर मायकेल फॉस्टर यांनी त्यांना केंब्रिजला बोलावून घेतले. वेतन तुटपुंजे होते, त्यामुळे संसार चालवण्यासाठी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या शिकवण्या त्यांना कराव्या लागल्या. तशातही १९०१ साली सिडनी कोल यांच्या साहाय्याने त्यांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल प्रथिनातून वेगळे केले. कामाच्या बोज्याने १९१० साली प्रकृती पार ढासळली. त्यानंतर ट्रिनिटी कॉलेजने अध्यापनाच्या जाचातून सोडवणारे पद देऊ केले, तेव्हा कुठे त्यांना मोकळा श्वास घेता आला.

प्राणवायूविना स्नायू

या काळातील त्यांचे एक काम आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. वॉल्टर फ्लेचर यांच्यासमवेत १९०७ साली त्यांनी बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोग प्रसिद्ध केले. स्नायूत लॅक्टिक आम्ल तयार होते हे तोवर माहीत होते, पण प्रत्येक संशोधकाचा आकडा वेगळा येई. स्नायू कापताना आणि वाटतानाच त्यात आम्ल वाढत जाते, ही त्यामागची मेख या दोघांनी ओळखली. स्नायू बर्फासारख्या थंड अल्कोहोलमध्ये बुडवून त्यांनी रासायनिक क्रिया जागच्या जागी थोपवली आणि मगच मोजमाप केले. प्राणवायू मिळाला नाही की स्नायूत लॅक्टिक आम्ल साठत जाते आणि प्राणवायू परत दिला की ते नाहीसे होते, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

रक्तपुरवठा तुटलेल्या कोणत्याही अवयवाची पहिली अवस्था हीच असते. प्राणवायू थांबला की पेशी तात्पुरता उपाय म्हणून साखर अर्धवट जाळते, आम्ल साचते आणि ऊर्जेचा साठा आटू लागतो. थंडी ही क्रिया मंदावते. प्रत्यारोपणासाठी काढलेला अवयव बर्फात ठेवून नेण्यामागेही हेच तत्त्व आहे.

जीवनसत्त्वांच्या कथेत इथे फार रेंगाळण्याचे कारण नाही. शुद्ध केलेले प्रथिन, पिष्ट, साखर, चरबी आणि क्षार एवढ्यावर वाढवलेल्या उंदरांची वाढ खुंटते. मात्र त्यांना रोज दोन-तीन घन सेंटिमीटर दूध दिले की ते वाढू लागतात, असे १९१२ सालच्या निबंधात हॉपकिन्स यांनी दाखवले. उंदरांच्या दोन गटांतील दूध अठराव्या दिवशी अदलाबदल करताच वाढीचे आलेख एकमेकांना छेदून गेले. तो आलेख जगभरच्या पुस्तकांत पोहोचला. १९१४ साली केंब्रिजने जीवरसायनशास्त्राचे अध्यासन निर्माण करून त्यावर त्यांना नेमले.

ग्लुटाथायोनचा शोध आणि दुरुस्ती

पहिले महायुद्ध संपल्यानंतर हॉपकिन्स पेशींतील ऑक्सिडीकरणाकडे वळले. ताज्या ऊतींत एक ठरावीक रसायन मिसळले असता जांभळा रंग उमटतो, हे पूर्वीच्या संशोधकांनी पाहिले होते. हा रंग गंधकयुक्त गटामुळे येतो; पण तो गट धारण करणारे द्रव्य कोणाच्या हाती लागत नव्हते. यीस्ट, स्नायू आणि यकृत यांमधून हॉपकिन्स यांनी ते वेगळे केले आणि १९२१ साली जाहीर केले. हे द्रव्य हवेतील प्राणवायूशी आपणहून संयोग पावते आणि पेशीत पुन्हा पूर्वरूपाला येते, हा त्याचा गुण त्यांना सर्वांत लक्षणीय वाटला. यीस्टमधील अशाच द्रव्याचा माग फ्रान्सच्या द रे-पायाद यांनी १८८८ साली काढला होता आणि त्याला फिलोथिऑन म्हटले होते. हॉपकिन्स यांनी ग्लुटाथायोन हे नाव बेतताना त्या जुन्या नावाचा धागा जाणीवपूर्वक राखला.

शोध मोठा होता, पण त्यात एक चूक राहिली होती. ग्लुटाथायोन दोन अमिनो आम्लांचे, ग्लुटामिक आम्ल आणि सिस्टीन यांचे, बनले आहे असे हॉपकिन्स यांनी लिहिले होते. १९२७ साली टोरांटोच्या हंटर आणि ईगल्स यांनी आकडे जुळत नसल्याचे दाखवून दिले. तेव्हा हॉपकिन्स पासष्टी उलटलेले, सर हा किताब आणि रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक लाभलेले मातब्बर शास्त्रज्ञ होते. प्रतिष्ठेच्या बळावर टीका दडपणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी उलट पुन्हा प्रयोगशाळा गाठली, द्रव्य स्फटिकरूपात मिळवले आणि ग्लायसिन हे तिसरे अमिनो आम्लही त्यात असल्याचे १९२९ साली स्वतःच प्रसिद्ध केले. अमेरिकेतील केंडल यांचे सहकारीही त्याच वर्षी त्याच निष्कर्षाला आले. एकोणसाठाव्या वर्षी मोठा शोध लावणे दुर्मीळ खरे. अडुसष्टाव्या वर्षी तोच शोध स्वहस्ते दुरुस्त करणे त्याहून दुर्मीळ म्हणावे लागेल.

ग्लुटाथायोनच्या शोधनिबंधानंतर वर्षभरातच, १९२२ साली, मॉर्गन आणि स्टुअर्ट या सहकाऱ्यांसह हॉपकिन्स यांनी आणखी एक निबंध सादर केला. दुधात आणि प्राण्यांच्या ऊतींत हायपोझँथिन व झँथिन या द्रव्यांचे ऑक्सिडीकरण घडवणारे विकर कसे काम करते, याचा तो अभ्यास होता. झँथिन ऑक्सिडेज या नावाने ते आज ओळखले जाते. यकृतात हे विकर भरपूर असते आणि ग्लुटाथायोनचा साठाही तेथे विपुल असतो. त्या वेळी या दोन निबंधांचा परस्परसंबंध कोणाच्या लक्षात येणे शक्य नव्हते.

पाहुणे आणि शिष्य

सर विल्यम डन यांच्या विश्वस्तनिधीतून उभी राहिलेली जीवरसायन संस्था १९२४ साली केंब्रिजमध्ये सुरू झाली आणि हॉपकिन्स यांच्याभोवती विलक्षण माणसे गोळा झाली. जे. बी. एस. हाल्डेन, जोसेफ व डोरोथी नीडहॅम, माल्कम डिक्सन, मार्जोरी स्टीफन्सन ही त्यांतली काही नावे. विद्यार्थी त्यांना लाडाने हॉपी म्हणत. १९३३ साली नाझी राजवटीने पदावरून हटवलेले हान्स क्रेब्ज जर्मनीतून बाहेर पडले, तेव्हा त्यांना पहिला आसरा मिळाला तो इथेच.

हंगेरीचे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हेही असेच आलेले. १९२६ साली स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्र परिषदेत हॉपकिन्स यांनी भाषणात आपल्या कामाचा उल्लेख केल्याचे ऐकून या निराश, बेकार संशोधकाने त्यांची भेट घेतली आणि केंब्रिजचे आमंत्रण मिळवले. अधिवृक्क ग्रंथी, संत्री आणि कोबी यांमधून त्यांनी तेथे जे आम्ल वेगळे केले, तेच पुढे क जीवनसत्त्व ठरले. हॉपकिन्स यांनी मॉर्गन यांच्यासह १९३६ साली या कथेला पुढचा धागा जोडला. ग्लुटाथायोनच्या सान्निध्यात क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण थोपवले जाते, असे त्यांनी दाखवले. अँटिऑक्सिडंट द्रव्ये एकेकटी लढत नाहीत, ती एकमेकांना सावरतात, या आजच्या समजुतीचे बीज त्या निबंधात आहे.

मराठी वाचकाला या प्रयोगशाळेविषयी आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. १९३७ साली येथे दाखल झालेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, या दुर्गाबाई भागवत यांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला होता. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. अखेर अटी घालून त्यांना घेण्यात आले. केंब्रिज विद्यापीठही स्त्रियांच्या बाबतीत उदार होते असे नाही, त्यांना पूर्ण सदस्यत्व मिळायला १९४८ साल उजाडावे लागले. हॉपकिन्स यांचा विभाग मात्र स्त्री संशोधकांसाठी खुला होता आणि त्याबद्दल टोमणेही ऐकून घेत होता. तेथे डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी आढळले. १९३९ साली त्यांनी पीएचडी मिळवली आणि भारतात परतून पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा, कडधान्ये यांच्या पोषणमूल्यावर दीर्घकाळ संशोधन केले. सायटोक्रोम-सी हे पेशीच्या श्वसनाला आवश्यक असलेले द्रव्य. मात्र रक्तप्रवाह परत आल्यावर जखमी तंतुकणिकेतून ते बाहेर झिरपले, तर पेशीच्या मृत्यूची सूचना देते, हे १९९० च्या दशकात उमगले.

नोबेल आणि अखेरची वर्षे

१९२९ चे वैद्यकाचे नोबेल हॉपकिन्स यांना नेदरलँड्सच्या क्रिस्तिआन आयकमान यांच्यासमवेत विभागून मिळाले. जीवनसत्त्व या शब्दाचे मूळ नाव देणारे काझिमिर फुंक वगळले गेल्याने त्यावर वाद झाला आणि तो वाद निराधार होता असे म्हणता येत नाही. हॉपकिन्स यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात पूर्वसूरींच्या कामाचा इतिहास सविस्तर मांडला. १९३० ते १९३५ या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९३५ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान त्यांना मिळाला. त्यांची एक कन्या बार्बरा जीवरसायनशास्त्रात रमली, तर दुसरी, जॅकेटा हॉक्स, पुरातत्त्वज्ञ आणि लेखिका म्हणून नावाजली. १९४३ साली, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी अध्यासन सोडले. १६ मे १९४७ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

निधनानंतरचा अध्याय

यकृताचा रक्तप्रवाह मुद्दाम थांबवण्याची युक्ती हॉपकिन्स यांच्या हयातीतच अवतरली होती. ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ साली ती वर्णन केली. यकृताकडे जाणारी रोहिणी आणि प्रतिहारी नीला ज्या पदरातून जातात, तो पदर चिमटीत दाबून धरायचा, म्हणजे फाटलेल्या यकृतातून होणारा रक्तस्राव आटोक्यात येतो. आजही यकृताचा भाग कापताना हीच युक्ती वापरतात. सहसा पंधरा मिनिटे दाब आणि पाच मिनिटे विश्रांती असा क्रम ठेवला जातो. रक्त थांबवल्याने होणारे नुकसान समजण्यासारखे होते. कोडे होते ते निराळे. रक्त परत सोडल्यावर नुकसान थांबण्याऐवजी वाढते, ते कशामुळे?

याचे पहिले ठोस उत्तर १९८१ साली पुढे आले. ग्रेंजर, रुटिली आणि मॅकॉर्ड यांनी मांजराच्या आतड्यावर प्रयोग करून कारणमीमांसा मांडली ती अशी : रक्ताअभावी पेशीतील ऊर्जावाहक द्रव्य मोडत जाते आणि त्याचे अवशेष हायपोझँथिनच्या रूपाने साचतात. रक्ताबरोबर प्राणवायू परतला की झँथिन ऑक्सिडेज त्या साठ्यावर तुटून पडते आणि सुपरऑक्साइड नावाचे आक्रमक मुक्त मूलक मोठ्या प्रमाणात बाहेर फेकते. पेशींची पटले त्याने पोळून निघतात. हॉपकिन्स यांनी १९२२ साली अभ्यासलेले विकर साठ वर्षांनी असे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

बचावाची बाजू ग्लुटाथायोनकडे होती. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्ये निकामी करताना ते स्वतः ऑक्सिडीकरण पावते. यकृतातील त्याचा साठा जोवर पुरतो तोवर पेशी तग धरते. उपाशी राहिलेल्या प्राण्यांच्या यकृतात हा साठा घटतो, त्यामुळे अशी यकृते पुनर्प्रवाहाच्या वेळी अधिक हळवी ठरतात, असे प्रयोगांत दिसले.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी १९८० च्या दशकात अवयव जपण्यासाठी एक द्रावण सिद्ध केले. त्यात दर लिटरला ३ मिलिमोल ग्लुटाथायोन आणि १ मिलिमोल अॅलोप्युरिनॉल असते. गाऊट म्हणजे वातरक्तावर वापरले जाणारे हे औषध नेमके झँथिन ऑक्सिडेजलाच अडवते. अर्थात, पेशी फुगू नये म्हणून घातलेल्या लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज या घटकांचाही द्रावणाच्या यशात मोठा वाटा आहे. सारे श्रेय अँटिऑक्सिडंटना देणे योग्य होणार नाही. पूर्वी दात्याचे यकृत सहा ते आठ तासांत बसवावे लागे. हे द्रावण आल्यावर ती मुदत बरीच लांबली आणि रात्री-अपरात्री धावपळीत होणाऱ्या शस्त्रक्रिया नियोजनाने करता येऊ लागल्या. तरीही वेळ जितका कमी तितके बरे, हा नियम कायम आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरांत वाहतूक थोपवून अवयवांसाठी ग्रीन कॉरिडॉर केला जातो, तो त्यासाठीच.

पुढील संशोधनाने चित्र अधिक गुंतागुंतीचे केले. यकृतात झँथिन ऑक्सिडेजचा वाटा आरंभी वाटला तेवढा मोठा नसावा; रक्तवाहिन्यांच्या कडेला असणाऱ्या कुप्फर पेशी, पांढऱ्या पेशी आणि खुद्द तंतुकणिका यांच्याकडूनही मुक्त मूलके बाहेर पडतात, असे दिसून आले. उंदरांत उत्तम गुण देणारी अँटिऑक्सिडंट औषधे माणसांत तितकी खात्रीची ठरली नाहीत. पेशीला ग्लुटाथायोन बनवण्यासाठी कच्चा माल पुरवणारे एन-अॅसिटिलसिस्टीन हे पॅरासिटामॉलच्या विषबाधेत यकृत वाचवते, हे पक्के झाले आहे; यकृत प्रत्यारोपणातील त्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र परस्परांशी जुळत नाहीत. अँटिऑक्सिडंट म्हणून बाजारात विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचा तर या विषयाशी संबंध जोडण्याचे कारणच नाही.

अलीकडे यकृत नुसते बर्फात न ठेवता यंत्राच्या साहाय्याने त्यातून प्राणवायूयुक्त थंड द्रावण खेळवण्याची पद्धत पुढे आली आहे. बसवण्यापूर्वीच तंतुकणिकांना प्राणवायूची हळूहळू सवय लागावी, हा त्यामागचा हेतू. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत, हृदयक्रिया थांबल्यानंतर काढलेल्या यकृतांवर ही पद्धत वापरली गेली. नंतर पित्तनलिका आकसण्याचे प्रमाण त्या गटात ६ टक्के, तर केवळ बर्फात ठेवलेल्या यकृतांच्या गटात १८ टक्के आढळले. यंत्रातून खेळवल्या जाणाऱ्या द्रावणातही ग्लुटाथायोन असते. साठवणुकीत त्याचे आपोआप ऑक्सिडीकरण होत असल्याने ते ऐन वेळी ताजे मिसळले जाते.